पहारेकऱ्याचा संयम

मुलताईजवळ उगम पावलेली तापी नदी खानदेशच्या काळ्या जमिनीतून पश्चिमेकडे वाहत जाते आणि सुरत शहर ओलांडून हजीरा येथे खंबायतच्या आखातास मिळते. सतराव्या शतकात नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूमुळे युरोपीय व्यापाऱ्यांची मोठी जहाजे थेट सुरतेपर्यंत जात नसत. ती हजीऱ्याजवळच्या सुवालीच्या किनाऱ्यापाशी नांगर टाकीत. आज त्याच परिसरात बंदर आहे, पोलादाचा व खताचा कारखाना आहे आणि समुद्रातील वसई वायुक्षेत्रातून नळावाटे येणारा नैसर्गिक वायू शुद्ध करणारा एक मोठा प्रकल्प आहे. या वायूत हायड्रोजन सल्फाइड हे विषारी द्रव्य मिसळलेले असते. ते वेगळे काढल्यानंतरच वायू पुढे उत्तर भारताकडे रवाना होतो.

अशा ठिकाणी पहारा डोळ्यांत तेल घालूनच ठेवावा लागतो. वायूची गळती वेळीच कळली नाही तर अनर्थ ओढवेल, हे उघड आहे. परंतु याला दुसरीही एक बाजू आहे. कारण नसताना भोंगा वाजून सारा कारखाना बंद पडला, तर तेही लहानसहान संकट नव्हे. म्हणून वायूशी संबंध येणाऱ्या कारखान्यांत अशी व्यवस्था रूढ आहे की, गळतीचा इशारा एकाच यंत्राने दिला तर माणसे सावध होतात. पण यंत्रे आपोआप बंद व्हावयाची तर एकाहून अधिक यंत्रांची साक्ष जुळावी लागते. उत्तम पहारेकरी शत्रूवर तुटून पडतो, हे त्याचे अर्धेच वर्णन झाले. कोणावर तुटून पडावयाचे नाही, हेही तो जाणतो.

माणसाच्या शरीरातही असाच एक अखंड पहारा चालू असतो. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ‘टी पेशी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी हे त्या पहाऱ्यातील प्रमुख शिपाई होत. प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर एका विशिष्ट घडणीचे ग्राही असतात. कुलपात जशी ठराविकच किल्ली बसते, तसा त्या ग्राहीत ठराविक आकाराचा प्रथिनाचा तुकडाच बसतो. अशा ओळखल्या जाणाऱ्या पदार्थास शास्त्रज्ञ प्रतिजन म्हणतात. ही कुलपे निसर्ग जणू डोळे मिटून तयार करतो. कोणता रोगजंतू केव्हा येईल हे ठाऊक नसल्यामुळे तो असंख्य निरनिराळ्या घडणींची कुलपे घडवून ठेवतो. त्यांपैकी काही कुलपे रोगजंतूंच्या नव्हे, तर शरीराच्याच प्रथिनांना बसणारी निघतात. अशा पेशी मोकळ्या सुटल्या तर त्या स्वतःच्याच घरास आग लावतील. त्या तसे का करीत नाहीत, हा प्रतिकारशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे.

त्याच्या उत्तराचा पहिला भाग थायमस या ग्रंथीत सापडतो. ही ग्रंथी छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगास असते. बालपणी ती मोठी असते व वयपरत्वे आकसत जाते. ती निरुपयोगी असावी असा समज फार काळ होता. १९६१ मध्ये लंडन येथे झाक मिलर यांनी उंदरांच्या नवजात पिलांची ही ग्रंथी काढून पाहिली, तेव्हा तिच्यावाचून प्रतिकारशक्ती उभीच राहत नाही असे दिसून आले. थायमस ही टी पेशींची पाठशाळा होय. तेथे शिकावयास आलेल्या पेशींपैकी ज्यांची कुलपे शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना घट्ट बसतात, त्यांतील बहुतेक तेथेच नाश पावतात. परीक्षा इतकी कडक असते की, शंभरांतील जेमतेम दोन ते पाच पेशी बाहेर पडतात.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. पाठशाळेत सर्वच धडे शिकविता येत नाहीत. थायमसमध्ये शरीरातील पुष्कळशा प्रथिनांचे नमुने दाखविले जातात, तरी काही स्वकीय प्रथिने तेथे पुरेशी दिसतच नाहीत. काही यौवनात किंवा गर्भारपणात नव्याने प्रकट होतात. माणूस रोज जे अन्न खातो, त्याची प्रथिने तर सर्वस्वी परकी असतात. आतड्यांत अब्जावधी जंतू आयुष्यभर सुखाने नांदत असतात. मातेच्या उदरातील गर्भाचा निम्मा वारसा पित्याकडून, म्हणजे तिच्या दृष्टीने परक्याकडून आलेला असतो. या सर्वांशी शांततेने वागण्याचे शिक्षण टी पेशींना शाळा सोडल्यानंतरच, म्हणजे प्रौढपणी, मिळावे लागते. या प्रौढ शिक्षणालाच शास्त्रज्ञ परिघावरील सहिष्णुता म्हणतात.

सहिष्णुता शिकविता येते, याचा पहिला पुरावा गोठ्यातून आला. १९४५ मध्ये अमेरिकेत रे ओवेन यांनी जुळ्या वासरांचे रक्त तपासले. गर्भात असताना ज्या जुळ्यांचा रक्तप्रवाह एकमेकांत मिसळलेला होता, त्यांच्या शरीरात मोठेपणीही परस्परांच्या रक्तपेशी निर्वेधपणे नांदत असल्याचे त्यांना आढळले. पुढे १९५३ मध्ये पीटर मेडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भांत परक्या पेशी टोचून सिद्ध केले की, असे उंदीर मोठे झाल्यावर त्याच परक्या कुळातील त्वचेचे कलम स्वीकारतात. मेडावर आणि ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांना याच विषयासाठी १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि तो धडा गर्भाचा होता. प्रौढ प्राण्यास सहिष्णुता शिकविता येईल काय? १९६२ मध्ये डेव्हिड ड्रेसर यांनी याचे आश्चर्यकारक उत्तर दिले. परक्या प्रथिनाच्या द्रावणातील गुठळ्या काढून टाकून त्यांनी ते प्रौढ उंदरांस टोचले. उंदीर त्या प्रथिनाविरुद्ध उठले नाहीत. उलट पुढे ते प्रथिन पुन्हा टोचले तरी ते स्वस्थच राहिले. तेच प्रथिन प्रतिकारास चिथावणी देणाऱ्या द्रव्याबरोबर दिले, तर मात्र प्रतिकार जागा होई. प्रथिन एकच, परंतु परिणाम परस्परविरुद्ध! याचा अर्थ असा की, वस्तू परकी आहे एवढ्यावर शरीराचा निर्णय ठरत नाही. ती कोणत्या परिस्थितीत भेटली, यालाही तितकेच महत्त्व आहे.

या कोड्याचा उलगडा हजीऱ्यासारख्या ठिकाणच्या कारखान्यांतील ‘दोन साक्षींच्या’ नियमासारखाच निघाला. टी पेशीला प्रतिजन दाखविण्याचे काम शाखायुक्त पेशी करतात. या पेशी सर्व अवयवांत पसरलेल्या असतात, मिळेल ते प्रथिन गिळतात आणि त्याचे तुकडे आपल्या अंगावर मांडून ठेवतात. टी पेशीच्या कुलपात तुकडा बसला की, तिला पहिला संकेत मिळतो. पण शाखायुक्त पेशीस रोगजंतूंची किंवा इजेची चाहूल लागली असेल, तरच ती दुसरा संकेत देणारे प्रथिन भरपूर प्रमाणात पुढे करते. दोन्ही संकेत मिळाले म्हणजे टी पेशी लढावयास सिद्ध होते. पहिलाच मिळून दुसरा न मिळाल्यास काय होते? १९८७ मध्ये मार्क जेन्किन्स व रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी रासायनिक प्रक्रियेने दुसरा संकेत देण्यास असमर्थ केलेल्या पेशींमार्फत टी पेशींना प्रतिजन दाखविला. टी पेशी जिवंत राहिल्या, पण नंतर दोन्ही संकेत योग्य रीतीने मिळाले तरी त्यांनी प्रतिसाद दिला नाही. निरोगी, शांत अवयवात भेटलेली वस्तू ही घरचीच असली पाहिजे, असा त्या जणू निष्कर्ष काढतात. या अवस्थेस प्रतिसादशून्यता म्हणता येईल.

प्रौढ टी पेशींना आवरण्याचा हा एकच मार्ग आहे असे मात्र नव्हे. काही पेशी चिथावणीवाचून वारंवार स्वकीय प्रतिजन भेटल्यामुळे मरून जातात. काहींना आपले लक्ष्य कधी दिसतच नाही. डोळ्याच्या आतील काही प्रथिने इतकी बंदिस्त असतात की, पहारेकऱ्यांना त्यांचा पत्ताच नसतो. एका डोळ्यास खोल जखम होऊन ही प्रथिने बाहेर आली, तर क्वचित प्रसंगी टी पेशी दुसऱ्या, निरोगी डोळ्यावरही हल्ला चढवितात व त्याची दृष्टी धोक्यात येते. अज्ञानावर आधारलेली शांतता किती ठिसूळ असते, याचे हे उदाहरण होय.

तिसरा मार्ग लगामाचा. लढाईस निघालेल्या टी पेशीच्या अंगावर काही काळाने तिला थांबविणारी प्रथिने उगवतात. त्यांपैकी एक प्रथिन ज्यांच्यात मुळीच नव्हते असे उंदीर १९९५ मध्ये तयार करण्यात आले, तेव्हा ते जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच मरण पावले. त्यांच्या टी पेशी अनिर्बंध वाढून निरनिराळ्या अवयवांत शिरल्या होत्या. लगाम नसलेला घोडा स्वाराला कोठे नेईल, हे वेगळे सांगावयास नको.

आणि चौथा मार्ग सर्वांत विलक्षण आहे. १९६९ मध्ये जपानमध्ये निशिझुका व साकाकुरा यांनी जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांच्या माद्यांची थायमस ग्रंथी काढली. पाठशाळा बंद झाल्यावर प्रतिकार दुबळा पडावा अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण येथे त्या माद्यांची बीजकोशग्रंथी नष्ट झाली. शिपाई कमी झाल्यावर दंगल वाढावी, याचा अर्थ काय? शिमॉन साकागुची यांनी हा धागा चिकाटीने धरून ठेवला. थायमसमधून शिपायांबरोबर शिपायांना आवरणारे नायकही बाहेर पडत असले पाहिजेत, असे त्यांचे मत होते. त्या काळी ‘दमन करणाऱ्या पेशी’ हा विषय अनेक शास्त्रज्ञांनी टाकून दिला होता. १९९५ मध्ये साकागुची यांनी एक विशिष्ट खूण असलेल्या टी पेशी वेगळ्या काढल्या. त्या वगळून उरलेल्या पेशी थायमसहीन उंदरांस दिल्या, तर शरीर स्वतःवरच उलटे. खुणेच्या पेशी परत दिल्या की ते टळे. या नियामक टी पेशी होत.

दरम्यान अमेरिकेत एका वेगळ्याच वाटेने तोच शोध चालला होता. १९४० नंतरच्या दशकात ओक रिज येथील प्रयोगशाळेत खवल्यांसारखी कातडी असलेले काही नर उंदीर आपोआप जन्मास आले. ते थोड्याच आठवड्यांत मरत. मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी अनेक वर्षांच्या परिश्रमाने त्यास कारणीभूत असलेले जनुक हुडकून काढले आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यास फॉक्स-पी-तीन असे नाव मिळाले. याच जनुकात दोष असलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, अतिसार व त्वचाविकार एकदम जडतात, हेही उघड झाले. नियामक पेशींना घडविणारे जनुक हेच आहे, हे दोनच वर्षांत स्पष्ट झाले. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. काही नियामक पेशी थायमसमधूनच तयार होऊन येतात, तर काही बाहेर बनतात. शाळेतून बाहेर पडलेल्या साध्या प्रौढ टी पेशीला योग्य वातावरणात, विशेषतः आतड्याच्या परिसरात, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेल्या द्रव्याच्या सान्निध्यात प्रतिजन भेटला, तर तिच्यातही फॉक्स-पी-तीन जागे होते. लढावयास जन्मलेला शिपाई शांतिदूत बनतो! रोजच्या भाकरीविरुद्ध शरीर बंड करीत नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी या परिवर्तनास आहे. याचा व्यवहारातील पडताळा इंग्लंडमध्ये मिळाला. भुईमुगाची वावडी होण्याचा धोका असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या त्वचेची चाचणी आरंभी निर्दोष होती, त्यांपैकी शेंगदाण्यापासून दूर ठेवलेल्यांत पाच वर्षांच्या वयात शेकडा १३.७ जणांना वावडी जडली. लहानपणापासून नियमित खाणाऱ्यांत ते प्रमाण शेकडा १.९ एवढेच राहिले. परक्याशी वेळेवर व शांतपणे झालेली ओळख ही वैराची नव्हे, तर स्नेहाची सुरुवात ठरते.

आता या ज्ञानाचा माणसाच्या जीवनमरणाशी संबंध कोठे येतो, हे पाहावयास हजीऱ्यापासून फार दूर जावे लागत नाही. तापीच्याच वाटेने खानदेशातून सुरतेस येऊन यंत्रमागावर पोट भरणारी असंख्य मराठी कुटुंबे आहेत. अशा एखाद्या घरातील कर्त्या पुरुषाची मूत्रपिंडे निकामी झाली आणि सख्ख्या बहिणीने आपले एक मूत्रपिंड त्याला दिले, असे समजा. बहिणीचे प्रेम कितीही मोठे असो, भावाच्या टी पेशी त्या मूत्रपिंडास परकेच समजतात. १९५४ मध्ये बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण एकरूप जुळ्या भावांमध्ये होते, म्हणूनच ते टिकले. इतरांना प्रतिकार दाबून ठेवणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. ही औषधे नवे मूत्रपिंड वाचवितात खरी, पण ती चोराबरोबर साऱ्या गावालाच कोंडून घालतात. क्षय व इतर संसर्ग, काही प्रकारचे कर्करोग आणि काही औषधांनी मूत्रपिंडासच होणारी इजा ही त्यांची किंमत होय. शिवाय दरमहा पदरचे पैसे मोजावे लागतात, ते निराळेच. पैशाअभावी गोळ्या थांबल्या तर बहिणीचे दान वाया जाण्याचा धोका असतो.

ही अडचण गुजरातेतच एका वैद्याने आपल्या आयुष्याचा प्रश्न म्हणून हाती घेतली. डॉ. एच. एल. त्रिवेदी १९७७ मध्ये कॅनडातील आपला व्यवसाय सोडून अहमदाबादेस परतले आणि तेथील सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात त्यांनी मूत्रपिंडविकारांची संस्था उभी केली. औषधांनी प्रतिकार दाबण्याऐवजी दात्याच्या पेशींशी रुग्णाच्या शरीराची आधीच ओळख करून द्यावी, असा त्यांचा व डॉ. अरुणा वणीकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांचा प्रयत्न होता. दात्याच्या अस्थिमज्जेतील, आणि पुढे चरबीतून मिळविलेल्या मूळ पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेवाटे रुग्णास देण्याची पद्धत त्यांनी अनेक वर्षे राबविली, आणि औषधांचे प्रमाण कमी करता आल्याचे वृत्तांत प्रसिद्ध केले. १९३२ मध्ये जन्मलेले त्रिवेदी २०१९ मध्ये निवर्तले. २००८ मध्ये बोस्टनच्या वैद्यांनी पाच रुग्णांस एकाच दात्याचे मूत्रपिंड व अस्थिमज्जा दिल्याचे जाहीर केले. त्यांतील चौघांची औषधे पूर्णपणे थांबविता आली, एकाचे मूत्रपिंड मात्र गेले. हे यश मोलाचे असले तरी ते अद्याप नेहमीचा उपचार बनलेले नाही. अशा प्रयोगांच्या वार्ता ऐकून रुग्णाने आपल्या मनाने गोळ्या सोडणे म्हणजे आत्मघातच होय, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

सहिष्णुतेस दुसरीही एक बाजू आहे. कर्करोगाची गाठ स्वकीय पेशींचीच बनलेली असते. ती नियामक पेशींना आपल्याभोवती गोळा करते, टी पेशींचे लगाम खेचून धरते आणि शरीराच्या चांगुलपणाचा आश्रय घेऊन वाढते. हे लगाम सैल करणाऱ्या उपचारांचा पाया घातल्याबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या उपचारांनी काही रुग्णांचे आयुष्य वाढले. पण त्यांतील कित्येकांच्या आतड्यांवर, त्वचेवर वा अवटु ग्रंथीवर त्यांच्याच टी पेशी उलटल्या. लगाम काढल्यावर घोडा केवळ शत्रूच्याच दिशेने धावत नाही.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. सहिष्णुता म्हणजे प्रतिकारशक्तीचा दुबळेपणा नव्हे, किंवा बाळपणी एकदाच शिकलेला पाठही नव्हे. ती प्रौढ पेशींनी प्रत्येक भेटीत नव्याने घेतलेला, पुरावा पाहून घेतलेला निर्णय आहे. संपूर्ण पहाराच झोपविणारे औषध वैद्यकास सापडले, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. ज्या एका पाहुण्यास घरात घ्यावयाचे आहे तेवढ्यासाठीच दार उघडावे आणि बाकीचा पहारा जागता ठेवावा, ही विद्या अजून पूर्णपणे हस्तगत व्हावयाची आहे. ती होईल, तेव्हा यंत्रमागावरील त्या भावास बहिणीचे दान खऱ्या अर्थाने आपलेसे करता येईल. तोपर्यंत हजीऱ्याच्या किनाऱ्यावर रात्रपाळीस जागणारा रक्षक आणि त्याच्याच रक्तात फिरणाऱ्या पेशी, दोघेही एकच काम करीत राहतील. पहिला इशारा ऐकताच सावध होणे आणि दुसरी साक्ष मिळेपर्यंत हात आवरून धरणे, हेच ते काम होय.